वाचले तिकडचे, दिसले इकडचे

रत्नागिरीस आलेल्या पाहुण्याला मांडवी दाखविल्यावाचून यजमान सोडीत नाही; आणि मांडवीवर नेले की तो हमखास सांगतो, "हा आमचा काळा समुद्र. किल्ल्याच्या पलीकडे, मिऱ्याच्या अंगाला आहे तो पांढरा." पाहुणा चमकून पाण्याकडे पाहतो. पण पाण्याचा यात काही संबंध नाही. मांडवीची वाळू काळी आणि पलीकडची पांढरी, एवढ्यावरून ही नावे पडली. मध्ये रत्नदुर्गाचा डोंगर आडवा आला आहे, इतकेच. पाणी एक, वारा एक आणि भरती-ओहोटीही एकच.

वाळूच्या रंगावरून समुद्राला नाव पडले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. पण माणसाच्या कातडीच्या रंगावरून किंवा त्याच्या जन्मावरून त्याच्या मुलाने शाळेत कोठे बसावे हे ठरू लागले, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचे बिघडते. अमेरिकेत ते रंगावरून ठरत असे, आपल्याकडे जातीवरून. दोन्ही देशांच्या मध्ये समुद्र केवढा! तरी त्या समुद्रावरून पुस्तके येत राहिली, आणि मराठी विद्यार्थी ती पावणेदोनशे वर्षे वाचीत आला. त्या वाचनाचे त्याने केले काय? पुस्तक मिटून परीक्षा दिली आणि मोकळा झाला, की पुस्तकातून मान वर करून आपल्या घराकडे, आपल्या शाळेकडे पाहिले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे एक मोठी मनोरंजक, आणि जागोजागी मान खाली घालावयास लावणारी, हकीकत हाती येते.

भिंतीवरची अमेरिका

आपल्या घरातील बहुतेकांची अमेरिकन शिक्षणविचारांशी पहिली ओळख शाळेच्या भिंतीवर होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत, गांधीजी आणि टिळक यांच्या तसबिरींच्या शेजारी, काचेत बसविलेले एक पत्र असते: अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या गुरुजींना लिहिलेले. वसंत बापटांनी केलेल्या सुरेख मराठी रूपांतरामुळे ते घरोघर पोचले. स्नेहसंमेलनात ते वाचून दाखवितात, निरोप समारंभात भेट देतात, आणि ऐकणाऱ्याचे डोळे ओलावतात.

गंमत अशी की, लिंकनने हे पत्र लिहिल्याचा काही पुरावा नाही. त्याची पत्रे, भाषणे, टिपणे अमेरिकन विद्वानांनी मोठ्या कसोशीने गोळा करून छापली आहेत. त्यांत हे पत्र नाही. लिंकन स्वतः सगळी मिळून वर्षभरही शाळेत गेला नव्हता, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. पत्र कोणाचे का असेना, त्यातील उपदेश चांगला आहे असे कोणी म्हणेल, आणि त्यात खोटे काही नाही. पण त्या पत्रात एक गोष्ट नाही, तिकडे लक्ष द्यावयास हवे. ज्या प्रश्नावरून लिंकनच्या देशात चार वर्षे यादवी माजली, त्या गुलामगिरीचा त्यात उल्लेख नाही.

लिंकनच्या तारुण्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामाला लिहावयास-वाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम मुलगा बाल्टिमोर शहरी राहात असे. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. मालकाला कळताच त्याने ते बंद पाडले. शिकलेला गुलाम गुलाम राहावयाचा नाही, असे त्याचे म्हणणे. डग्लसने तेवढ्यावरून ओळखले की, सुटकेची वाट हीच. खिशात भाकरीचा तुकडा घेऊन तो रस्त्यावर जाई आणि भुकेल्या गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेई. पुढे तो पळून गेला आणि १८४५ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

गुरुजींना लिहिलेले ते पत्र आपण भिंतीवर लावले. भाकरी देऊन अक्षर विकत घेणारा मुलगा मात्र भिंतीवर आला नाही. का आला नाही? त्याला पाहून आपल्याला आपल्याकडचे काही आठवले असते म्हणून तर नव्हे?

पुण्यातील मित्रमंडळी

ज्यांना ते आठवले, असे विद्यार्थी आपल्याकडे त्याच काळात होते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणारा एक माळ्याचा मुलगा आणि त्याचे दोन-तीन ब्राह्मण मित्र १८४७ च्या सुमारास टॉमस पेन याचे 'मानवाचे हक्क' हे पुस्तक वाचीत होते. पेन मूळचा इंग्रज. पण अमेरिकेत जाऊन तेथील स्वातंत्र्ययुद्धाला त्याने आपल्या लेखणीने बळ दिले. सगळी माणसे जन्मतः समान हक्कांची, ही त्याची शिकवण. आता असे पुस्तक वाचून तरुण मुले काय करतात? बहुधा वाद घालतात, चहा पितात आणि नोकरीच्या अर्जाला लागतात. या मुलाने दुसऱ्याच वर्षी, १८४८ साली, बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. त्याचे नाव जोतीराव फुले. वय एकवीस.

या शाळेमागे आणखी एक अमेरिकन धागा आहे. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार या बाई मुलींच्या शाळा चालवीत. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी या शाळा पाहिल्या. सावित्रीबाईंनीही पुढे मिस फॅरार यांच्याकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतले.

पंचवीस वर्षांनी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो अर्पण केला अमेरिकेतील सदाचारी लोकांना. गुलामांना दास्यातून मुक्त करताना त्या लोकांनी जी निरपेक्ष बुद्धी आणि जो स्वार्थत्याग दाखविला, त्याबद्दल हा आदर. आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना मोकळे करावे, ही इच्छा. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाने त्या घटनेचा अर्थ असा लावला की, तिकडे झाले ते इकडेही होऊ शकते. त्या मुक्त झालेल्या लोकांचे हक्क पुढे थोड्याच वर्षांत एकेक करून हिरावले जावयाचे होते. पण १८७३ साली ते पुण्यात कोणास दिसावे?

मुक्ताबाईचा निबंध

जोतीरावांच्या शाळेत मुक्ताबाई नावाची एक मांग जातीची मुलगी होती. वय अजून बालच. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. शाळकरी मुलींचे निबंध कसे असतात हे आपणांस ठाऊक आहे: वसंत ऋतू, गाय, माझी आई. या पोरीने विचारले की, वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमच्याजवळ धर्मपुस्तकच नाही. मग आमचा धर्म कोणता, ते देवाने तरी सांगावे. आपल्या लोकांना पेशवाईत काय सोसावे लागले त्याचे तिने वर्णन केले, आणि शेवटी आपल्या जातभाईंना बजावले की, या दुखण्यावर औषध एकच, ते म्हणजे ज्ञान. साक्षर होऊन मोजकी वर्षे झालेल्या मुलीचा हा निबंध आजही पदवीच्या विद्यार्थ्याला पुढे ठेवावा असा आहे.

आता जरा तारखेकडे पाहा. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचे पत्र, १८४२ साली नगरला निघालेले. म्हणजे १८५५ साली अमेरिकन लोकांच्या पत्रात पुण्याच्या मांग मुलीचा निबंध छापून येत होता. आणि त्याच वर्षी, त्याच अमेरिकेच्या दक्षिण भागात, तिच्या वयाच्या काळ्या मुलीच्या हाती पाटी देणारा शिक्षेस पात्र ठरत होता. परदेशी जाऊन मुलींना शिकविणारी माणसे आणि स्वदेशी त्यांच्या शिक्षणाला कुलूप घालणारी माणसे एकाच राष्ट्राची. दूरच्या माणसाविषयी कळवळा वाटणे नेहमीच सोपे असते. अमेरिकनांना ते सोपे गेले आणि आपल्यालाही जाते.

देवरूखची गोदूबाई

पुढच्या पिढीत एका स्त्रीने अमेरिका नुसती वाचली नाही. ती जाऊन पाहिली आणि मराठीत लिहून आणली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास होता. त्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून तेथे गेल्या, आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर आणि आपल्या प्रवासावर पुस्तक लिहिले. शाळा, घरे, राज्यकारभार, दानधर्म, स्त्रियांच्या संस्था यांविषयी त्यांनी उत्साहाने लिहिले आहे. मात्र त्या भारून गेल्या नाहीत. काळ्या लोकांविषयी गोऱ्यांच्या मनात असलेला तिटकारा आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय यांचीही त्यांनी नोंद केली. स्वतः अन्याय सोसलेल्या माणसाची नजर दुसऱ्याच्या घरातील अंधारा कोपरा चटकन हेरते.

तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि परत येताच, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईस शारदा सदन उघडले. त्या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी होती रत्नागिरी जिल्ह्यातील. देवरूखच्या जोशांची ही गोदूबाई, बालपणीच विधवा झालेली. अमेरिकेत जमविलेल्या मदतीतून, अमेरिकेत शिकलेल्या पद्धतीने चाललेल्या शाळेत देवरूखची मुलगी शिकू लागली.

१८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. लग्नानंतर गावकऱ्यांनी कर्व्यांच्या घराला वाळीत टाकले. गावात जावयाचे तर आईला आणि बहिणीला उघड भेटण्याची चोरी. परदेशी कल्पना वाचावयास किती गोड. पण ती आपल्या अंगणात उतरली की, किंमत घरच्या माणसांना मोजावी लागते. कर्व्यांनी आणि आनंदीबाईंनी, म्हणजेच या गोदूबाईंनी, ती मोजली. आणि गावाने वाळीत टाकलेल्या या माणसाने १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ.

पडवीतला विद्यार्थी

येथवर आपण शाळेच्या आत बसलेल्यांची हकीकत पाहिली. आता जो बाहेर बसला, त्याची पाहू.

सन १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. एका मुलाला घ्यावे तर बाकीचे सगळे शाळा सोडतील, अशी भीती. प्रकरण विलायतेपर्यंत गेले. सरकारी शाळा सर्वांना खुल्या, हे तत्त्व कागदावर मान्य झाले, आणि कागदावरच राहिले. पुढे प्रवेश मिळू लागला तोही अर्धा: मूल पटावर, पण बसावयाचे व्हरांड्यात. गुरुजींनी फळ्यावर काय लिहिले ते दारातून दिसेल तेवढे पाहावयाचे, आणि पाटी तपासून घ्यावयाची ती दुरून.

दापोलीच्या छावणीत लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची बरीच वस्ती होती. पलटणीत शिक्षण मिळाल्यामुळे या लोकांना अक्षराची किंमत कळली होती. त्यांच्यातील गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेला आधार काय तो दाखवा, असा शास्त्रीपंडितांना सवाल टाकला. याच दापोलीत मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी निवृत्त होऊन काही काळ राहिले होते. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव पुढे साताऱ्याच्या शाळेत गेला तेव्हा घरून गोणपाटाचा तुकडा नेत असे. त्यावर बसावयाचे एकट्याने, आणि संध्याकाळी तो घरी आणावयाचा. तो तुकडा शाळेच्या शिपायालाही शिवावयास नको. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे. शिपाई नसेल तर पाणी नाही.

हाच विद्यार्थी १९१३ च्या जुलैमध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तेथे बसावयास बाक होता आणि तो सर्वांना सारखा होता. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, जे मिळेल ते त्याने वाचले. जॉन ड्यूई हे त्याचे एक गुरू. ड्यूईंनी १९१६ साली लोकशाही आणि शिक्षण यांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यातील एक विचार असा: प्रत्येक समाजाच्या डोक्यावर भूतकाळाचे पुष्कळ ओझे असते, आणि त्यात निरुपयोगी व विघातक असे बरेच असते. शाळेने ते सगळे पुढच्या पिढीच्या माथी मारावयाचे नसते. जेणेकरून उद्याचा समाज अधिक चांगला होईल, तेवढेच निवडून द्यावयाचे.

एखादा अमेरिकन विद्यार्थी हे वाचून म्हणाला असेल, वा, छान! गोणपाटावर बसून आलेल्या विद्यार्थ्याने हे वाचले, तेव्हा त्याला त्यात आपल्या देशाचा खटला दिसला. १९१६ च्या मे महिन्यात त्याने प्रा. गोल्डनवायझर यांच्यापुढे भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. आणि वीस वर्षांनी, १९३६ साली, जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या भाषणात ड्यूईंचा तोच विचार, गुरूंचे ऋण मान्य करून, हिंदू समाजापुढे ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या त्या भाषणाची गोष्ट सर्वश्रुत आहे: ज्या मंडळाने बोलाविले होते, त्याला ते पचले नाही. सभाच रद्द झाली आणि भाषण पुस्तकरूपाने निघाले.

अमेरिकेतील काळ्या लोकांच्या प्रश्नाचे वाचन मात्र त्यांनी कधी सोडले नाही. १९४६ साली तेथील एका संस्थेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या कानी आले. तेव्हा त्यांनी त्या समाजाचे थोर विद्वान डू बॉइस यांना पत्र लिहिले. आपण या प्रश्नाचे विद्यार्थी आहोत, तुमचे लेखन वाचीत आलो आहोत, आणि तुमच्या लोकांची व आमच्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की, तुमचा प्रश्न अभ्यासणे आम्हांला आवश्यकच आहे, असा त्याचा आशय. आणि त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळाल्यास पाठवाव्यात, अशी विनंती. डू बॉइस यांचे उत्तरही अगत्याचे आले. तेव्हा बाबासाहेबांचे वय पंचावन्न. पण पत्र लिहिले ते विद्यार्थी म्हणून.

रत्नागिरीचे वर्ग, टोपेकाचे वर्ग

रत्नागिरीस परत येऊ. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या. ठराव मुंबईत झाला, पण अंमल गावोगाव व्हावयाचा होता. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी जिल्ह्यातील शाळांतून मुलांना सरमिसळ बसविण्याची चळवळ हाती घेतली. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, या कामाची नोंद घ्यावीच लागते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने येथे सर्वांना खुले असे पतितपावन मंदिर उभे राहिले. पण देवळात माणूस अधूनमधून जातो. वर्गात मूल रोज सहा तास बसते. त्यामुळे विरोध वर्गाला अधिक झाला. पालकांच्या तक्रारी, मुले काढून घेण्याच्या धमक्या, हे सारे धारवाडच्या वेळचेच पुन्हा ऐकू आले.

आणि हेच सारे पुढे अमेरिकेतही ऐकू आले. टोपेका गावातील एका काळ्या बापाला आपल्या मुलीचे नाव घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळेत घालू दिले नाही. त्यावरून गेलेल्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी एकमताने निर्णय दिला की, वेगळ्या शाळा म्हणजे समान शाळा नव्हेत. या दाव्यात क्लार्क पतिपत्नींच्या एका साध्या प्रयोगाची साक्ष निघाली होती. काळ्या मुलांपुढे दोन बाहुल्या ठेवल्या, एक गोरी व एक काळी, आणि विचारले, यांतील चांगली कोणती? बहुसंख्य मुलांनी गोरी दाखविली. वेगळे बसविलेले मूल अभ्यासात मागे पडते हा तोटा लहान. ते स्वतःला कमी समजू लागते, हा खरा तोटा. गोणपाटाचा तुकडा रोज घरी नेणाऱ्या मुलाला हे सांगावयास प्रयोगाची गरज नव्हती.

निर्णय झाला तरी वर्ग लगेच उघडले नाहीत. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ मुलांना शाळेत पोचविण्यासाठी लष्कर आणावे लागले. १९६० साली न्यू ऑर्लिन्सला सहा वर्षांची रूबी ब्रिजेस सरकारी शिपायांच्या पहाऱ्यात शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली, आणि ती चिमुरडी वर्षभर वर्गात एकटी, एका शिक्षिकेपाशी शिकली.

या दोन प्रवाहांची गाठ एका शाळेतच पडली. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले असता केरळात एका शाळेत गेले. तेथील बहुतेक मुले पूर्वास्पृश्य समाजाची होती. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, ती अमेरिकेहून आलेले आपलेच एक अस्पृश्य बांधव, अशी. किंगना प्रथम धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी आपल्या देशातील कोट्यवधी काळ्या माणसांचा विचार केला आणि मनाशी म्हटले, होय, मी अस्पृश्यच आहे. ही आठवण त्यांनी स्वतः १९६५ साली एका प्रवचनात सांगितली. आपण तिकडचे वाचून इकडचे ओळखीत होतो. येथे तिकडच्या माणसाने इकडे येऊन तिकडचे ओळखले.

मिलिंदमधील मुले

बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेस काढलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे खेड्यापाड्यांतून, घराण्यात प्रथमच शिकणारी मुले आली. अमेरिकेत शिकून आलेले प्रा. म. ना. वानखडे आणि त्यांचे सहकारी या मुलांशी अमेरिकेतील काळ्या लेखकांविषयी बोलत. जनार्दन वाघमारे यांनीही त्या साहित्याची मराठी वाचकांना सविस्तर ओळख करून दिली. गावकुसाबाहेर वाढलेल्या मुलांना त्यातून उमगले की, आपले दुःख लपवून ठेवण्याची वस्तू नव्हे. त्यावर लिहिता येते. त्यांनी लिहिलेही, आणि मराठी वाङ्मयाचा चेहरामोहराच बदलला. १९७२ साली मुंबईत काही तरुण लेखकांनी आपल्या संघटनेला नाव दिले दलित पँथर, ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून.

ही मुलेही विद्यार्थीच. त्यांच्या उत्तरपत्रिका मात्र कवितांच्या आणि आत्मकथनांच्या रूपाने आल्या, आणि त्या तपासताना पुष्कळ परीक्षकांचे हात थरथरले.

आणि आपण?

आज आपल्या शहरी घरांतून एखादा तरी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते. आगबोटीने मुंबई गाठणे ही रत्नागिरीकराला एकेकाळी मोठी मजल वाटे. पावसाळ्यात तर बोटीही बंद. आता त्याच घरातील नात कॅलिफोर्नियातून रोज आजीशी बोलते. तेथील रंगभेदाच्या बातम्या ती सांगते, आणि आजीला खरोखर वाईट वाटते. एवढ्याशा रूबीला एकटे बसविले हे ऐकून कोणत्या आजीला वाटणार नाही?

पण तिकडे गेलेल्या सामानात आपण काय बांधून दिले, तेही कधीतरी पाहावयास हवे. सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली. तेथील भारतीयांत त्यावरून मोठे मतभेद झाले. काहींना हा आपल्या समाजावर विनाकारण ठेवलेला ठपका वाटला, काहींना उशिरा मिळालेला न्याय. वाद कोणत्याही बाजूने घाला. पण परदेशी शहराच्या कायद्यात 'जात' हा शब्द यावा, याचा अर्थ लावण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

त्याच २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत अवैध ठरविली. हा विषय निघाला की आपल्या दिवाणखान्यात बैठक कशी रंगते, हे वाचकांना सांगावयास नको. लिटल रॉकच्या नऊ मुलांसाठी हळहळणारा गृहस्थ आपल्याकडील राखीव जागांचे नाव निघताच वेगळ्या स्वरात बोलू लागतो. त्याचे मत बदललेच पाहिजे असे नाही. आरक्षणाच्या पद्धतीविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण स्वर का बदलला, एवढे त्याने स्वतःला विचारावे. मुक्ताबाईने विचारले होते, तसे.

शाळेत प्रश्न येतो: अमेरिकेतील गुलामगिरीवर टीप लिहा. मूल पाच ओळी लिहिते, लिंकनचे नाव घालते आणि गुण मिळविते. वर सांगितलेल्या कोणाही विद्यार्थ्याने पाच ओळींवर थांबणे पत्करले नाही. प्रत्येकाने सहावी ओळ लिहिली, आणि ती आपल्या गावाविषयी होती. जोतीरावांची सहावी ओळ भिड्यांच्या वाड्यात उमटली, रमाबाईंची शारदा सदनात, आणि आंबेडकरांची पुढे राज्यघटनेच्या सतराव्या कलमात अस्पृश्यता बंद करताना उमटली. ही ओळ क्रमिक पुस्तकात नसते, आणि परीक्षक तिला गुण देईलच असेही नाही.

दिवाळीच्या सुटीत मुले घरी आहेत. फराळाच्या ताटाशी बसून त्यांना एकदा रूबीची गोष्ट सांगा. त्यांचे डोळे भरून येतील. मग विचारा, "तुमच्या वर्गात मधल्या सुटीत एकटा डबा खाणारे कोणी आहे का?" आणि मूल बोलू लागले की आपण मध्ये बोलू नका.